इटलीला जाताना विमान कुठलं घ्यावं आणि ट्रेनची तिकिटं कधी काढावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्याच्या उत्तरार्धात दहा दिवस, तुम्ही दोघं आणि पासष्टीच्या पुढचे आई-बाबा. व्हेनिस, फ्लोरेन्स, रोम, आणि जमलं तर पिसा. एजंट म्हणतो मुंबई–मिलान–मुंबई तिकीट स्वस्त पडतंय, ते घ्या आणि मिलानला उतरल्यावर लगेच सुटणारी व्हेनिसची ट्रेनही आताच काढून ठेवा.

यातलं काहीच करू नका.

मी व्हेनिस आणि फ्लोरेन्सच्या मधल्या बोलोन्यात राहते. उत्तर-दक्षिण धावणाऱ्या वेगवान गाड्यांपैकी बहुतेक इथल्या स्टेशनातून जातात आणि उन्हाळ्यात घरचं कोणी ना कोणी आमच्याकडून पुढे जातं, त्यामुळे हे जुळवाजुळवीचं काम माझ्याकडेच असतं. तुम्ही निवडलेली तिन्ही शहरं एका ओळीत आहेत: वर व्हेनिस, मध्ये फ्लोरेन्स, खाली रोम. मिलान या ओळीच्या बाहेर, पश्चिमेला. म्हणजे मिलानला उतरलात तर आधी पूर्वेकडे जायचं, मग खाली रोमपर्यंत यायचं आणि शेवटी परत वर मिलान गाठायचं. मालपेन्सा विमानतळ मिलान शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. तिथून ट्रेनने मिलान सेंट्रल स्टेशन सुमारे तासाभरावर, पुढे व्हेनिस आणखी अडीच तास. परतताना रोम–मिलान तीन तासांच्या वर, आणि पुन्हा मालपेन्सापर्यंतचा तास. स्टेशनवर थांबण्याचा वेळ धरला तर दहातला एक अख्खा दिवस गेला. पैशांचंही बघा. रोम–मिलान तिकीट बरंच आधी घेतलं तर तीस-चाळीस युरोंत मिळू शकतं, आयत्या वेळी नव्वदच्या आसपास जातं. याला चारने गुणा, मालपेन्साचं भाडं दोन्ही वेळा मिळवा, आणि मग एजंटला विचारा की स्वस्त ते नेमकं किती.

त्याऐवजी ‘मल्टी-सिटी’ तिकीट शोधा: जाताना मुंबई–व्हेनिस, येताना रोम–मुंबई, एकाच विमान कंपनीचं आणि एकाच बुकिंगवर. दोन वेगळी एकेरी तिकिटं घेऊ नका, ती बहुतेकदा महाग पडतात. मल्टी-सिटीचा दर मात्र साध्या जाण्या-येण्याच्या तिकिटाच्या जवळपास असतो. दुबईमार्गे एमिरेट्स, दोहामार्गे कतार आणि इस्तंबूलमार्गे टर्किश या तिन्ही कंपन्या व्हेनिस आणि रोम दोन्हीकडे जातात. व्हेनिसचा दर फारच चढा दिसला तर दुबई–बोलोन्या बघा, हा पर्याय आपल्याकडे कोणाच्या लक्षात येत नाही. इथला विमानतळ छोटा आहे, मोनोरेल सात-आठ मिनिटांत मुख्य स्टेशनवर सोडते आणि तिथून व्हेनिस दीड तासावर. (आमच्या गावाची जाहिरात म्हणा हवं तर, पण जेवणासाठी एक रात्र काढावी असं गाव आहे.)

फ्रँकफर्ट, म्युनिक किंवा झुरिकमार्गे जाणारं तिकीट स्वस्त दिसेल. वाईट नाही, फक्त एक ध्यानात ठेवा. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट, त्यात शिरतानाची तपासणी इटलीत नाही, तिथेच होते. म्हणजे पासपोर्टची रांग मधल्या विमानतळावर, पुढच्या विमानाकडे लक्ष ठेवून. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी पद्धत आली आहे, पहिल्यांदा येणाऱ्याला त्यात वेळ लागतो. तासा-सव्वा तासाचा थांबा आई-बाबांना घेऊन नको. आखाती मार्गाने ही रांग शेवटच्या विमानतळावर लागते, पुढचं विमान पकडायचं नसतं. थांबा अडीच ते चार तासांचा निवडा आणि दोघांसाठी व्हीलचेअरची मागणी बुकिंग करतानाच नोंदवा. बाबा ‘मी काय म्हातारा झालोय का’ म्हणतील. म्हणू देत.

आता मुख्य मुद्दा, विमान आणि ट्रेन यांच्यामधला सांधा. विमानाला उशीर झाला तर ट्रेनवाल्यांना त्याचं काही देणंघेणं नसतं, आणि ट्रेन रखडली तर विमान थांबत नाही. दोन वेगळी तिकिटं, मधली जोखीम तुमची. म्हणून मी व्हेनिसला उतरा म्हणते: तिथे पहिल्या दिवशी ट्रेनच नाही. मार्को पोलो विमानतळावरून बसने पियात्साले रोमापर्यंत, म्हणजे व्हेनिसच्या कडेला जिथे बस थांबतात त्या चौकापर्यंत या, किंवा विमानतळाच्या धक्क्यावरून अलिलागुना कंपनीची बोट घ्या. विमान तीन तास उशिरा आलं तरी पुढची बस, पुढची बोट आहेच. हॉटेल मात्र बोटीच्या थांब्याजवळ बघा. व्हेनिसमध्ये रिक्षा नाही, टॅक्सी नाही, आणि वाटेतल्या प्रत्येक पुलाला पायऱ्या. मोठ्या बॅगा घेऊन दोन पूल ओलांडले की सगळ्यांचा मूड जातो.

काही कारणाने उतरल्या दिवशीच लांबची ट्रेन घ्यावी लागली, तर विमान उतरण्याच्या वेळेत आणि गाडीच्या वेळेत तीन तास ठेवा आणि फक्त त्या एका प्रवासासाठी महागडं ‘बेस’ तिकीट घ्या. त्रेनितालिया या सरकारी रेल्वे कंपनीच्या फ्रेच्यारोस्सा या वेगवान गाड्यांचं बेस तिकीट गाडी सुटेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं, सुटल्यावरही तासाभरात एकदा बदलता येतं. ‘सुपर इकॉनॉमी’ स्वस्त असतं, पण बदलत नाही आणि परतावाही नाही, गाडी चुकली की पैसे गेले. पैसे वाचवायचे ते नंतरच्या प्रवासांत वाचवा, जिथे तुम्ही रात्रीची झोप घेऊन हॉटेलातून निघणार आहात. व्हेनिस–फ्लोरेन्स (सव्वादोन तास) आणि फ्लोरेन्स–रोम (दीड तास) ही दोन तिकिटं बिनधास्त स्वस्तातली घ्या. त्रेनितालियाबरोबर इटालोही बघा. ही खासगी कंपनी २०१२ पासून याच मार्गावर आहे आणि दोघांच्या चढाओढीत प्रवाशाचं भलं होतं. तिचे बदलाचे नियम वेगळे आहेत, तेवढे वाचून घ्या.

आपल्याला वेटिंग लिस्टची सवय, त्यामुळे तिकीट मिळेल की नाही याचा धसका असतो. इथे वेटिंग नसतं. या मार्गावर दिवसभर गाड्या आहेत आणि कुठली ना कुठली मिळतेच, फक्त दर विमानासारखा चढत जातो. तेव्हा व्हिसा हातात येईपर्यंत सुपर इकॉनॉमीच्या मोहात पडू नका. व्हिसा लवकर टाका, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. तारखा पुढे ढकलून जूनच्या मध्यानंतर नेल्यात आणि गाड्याच दिसेनाशा झाल्या, तर घाबरू नका. युरोपातलं वेळापत्रक जूनच्या आणि डिसेंबरच्या मध्यात बदलतं आणि नव्याचं बुकिंग कधीकधी उशिरा उघडतं.

पिसाचं तिकीट आधी काढायचं कारणच नाही. फ्लोरेन्सहून साधी रिजनल गाडी तासाभराची, तिचा दर महिनाभर आधीही तोच आणि पाच मिनिटं आधीही तोच. कागदी तिकीट घेतलंत तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात त्यावर तारीख-वेळेचा शिक्का मारून घ्या, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड होतो. पिसा सेंट्रल स्टेशनहून मनोरा चालत पंचवीसेक मिनिटं. पिसा सान रोस्सोरे हे दुसरं स्टेशन त्याहून बरंच जवळ आहे, लुका या जवळच्या जुन्या गावावरून येणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. लुकाचा तट पाहून पिसा असा दिवस मस्त होतो.

स्टेशनांच्या नावांत लोक फार फसतात. साइटवर फिरेन्झे, व्हेनेत्सिया, रोमा अशी नावं दिसतील. व्हेनिसचं बेटावरचं स्टेशन सांता लुचिया, तर मेस्त्रे म्हणजे अलीकडचं, जमिनीवरचं. हॉटेल ज्या बाजूला असेल तेच स्टेशन निवडा. फ्लोरेन्सला सांता मारिया नोव्हेल्ला हवं. काही गाड्या काम्पो दी मार्ते किंवा रिफ्रेदीला थांबतात, ती गावाच्या मध्यापासून लांब आहेत. रोमला तेर्मिनी, तिबुर्तिना नव्हे. आणि बोलोन्यात गाडी बदलायची असेल तर मध्ये निदान पंचवीस मिनिटं ठेवा. इथले वेगवान गाड्यांचे फलाट जमिनीखाली खोल आहेत आणि साधे फलाट वर, सरकते जिने संपता संपत नाहीत. आई-बाबांसाठी ‘साला ब्लू’ या मदत कक्षाकडे आधी नोंद केलीत तर मोठ्या स्टेशनांवर व्हीलचेअर आणि चढायला मदत फुकट मिळते.

आईंना मात्र खिडकीतून डोंगर दिसतील असं आमिष दाखवू नका. बोलोन्या–फ्लोरेन्स हा वेगवान मार्ग ७८ किलोमीटरचा, त्यातले सुमारे ७३ किलोमीटर बोगद्यात. कर्जत–लोणावळ्याच्या घाटाची मजा इथे नाही, अंधार आणि कानात दडे.

निघण्याच्या आठवड्यात संपाची बातमी एकदा तपासा. इथे संप आधी जाहीर करून होतात आणि शुक्रवारी बरेचदा होतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ रिजनल गाड्या चालवणं बंधनकारक असतं, लांबच्या गाड्यांची हमी असलेली यादी वेगळी जाहीर होते.

शेवटची रात्र रोममध्येच काढा. सकाळी फ्लोरेन्सहून निघून दुपारचं विमान पकडू असा विचार कोणी मांडला तर ऐकू नका, तो वरचाच सांधा उलट्या बाजूने आला. तेर्मिनीहून फ्युमिचिनो विमानतळाला लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत नेते, माणशी १४ युरो, म्हणजे चौघांचे ५६. आणि रोमच्या जुन्या तटाच्या आतून विमानतळापर्यंत अधिकृत पांढऱ्या टॅक्सीचं ठरलेलं भाडं ५५ युरो, सामानासकट, हॉटेलच्या दारातून. आदल्या रात्री हॉटेलवाल्याला टॅक्सी सांगून ठेवा. चौघं आणि चार मोठ्या बॅगा आहेत हे स्पष्ट सांगा, म्हणजे तो मोठी गाडी मागवेल.

विमानाच्या तारखा ठरल्या की इथेच खाली लिहा, व्हेनिस–फ्लोरेन्सची कुठली गाडी बरी ते बघून सांगते.