ऍलर्जीचं इंजेक्शन हातातल्या बॅगेत

प्रश्न : मुलगी ७ वर्षांची, वजन २२ किलो. शेंगदाणा अजिबात चालत नाही. डॉक्टरांनी ऍड्रेनालीन कायम जवळ ठेवायला सांगितलंय. परदेशातून आणवलेलं एक पेन (मांडीला दाबलं की ठरलेला डोस आपोआप टोचणारं इंजेक्शन) आहे, शिवाय अँप्यूल (औषधाची काचेची छोटी कुपी) आणि सिरिंज. मे महिन्यात चिकलठाण्याहून मुंबईमार्गे दुबईला जायचंय. सुया नेऊ देतील का?
– एक आई, जालना

उत्तर : कागद नीट असेल तर नेऊ देतात. डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत चिठ्ठी घ्या. तिकिटावर आहे तेच नाव, किती पेनं, किती अँप्यूल, आणि सिरिंज-सुया कशासाठी, हे सगळं त्यात हवं. औषधाची दोन्ही नावं लिहून घ्या, ऍड्रेनालीन आणि एपिनेफ्रिन. वस्तू एकच, पण पेनावर एक नाव आणि चिठ्ठीत दुसरं दिसलं की तपासणीला प्रश्न पडतो. औषध मूळ खोक्यातच ठेवा. ट्रेमध्ये ठेवतानाच "यात सुया आहेत" असं सांगून टाका. एक्स-रेने औषधाला काही होत नाही. मुंबईत पुन्हा तपासणी होईल, तेव्हा चिठ्ठी हाताशी असू द्या.

सामानात टाकायच्या बॅगेत हे औषध ठेवू नका. हातातल्या बॅगेतही एक मेख आहे. लहान विमानात वरचे कप्पे छोटे, त्यामुळे बऱ्याचदा दारातच बॅगा घेऊन खाली टाकतात. म्हणून औषध कंबरेच्या पाऊचमध्ये बांधा. एकच पेन पुरत नाही. ५ ते १५ मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस लागतो.

तुमच्या मुलीचं गणित असं : किलोमागे ०.०१ मिग्रॅ, म्हणजे ०.२२ मिग्रॅ. १ मिलीत १ मिग्रॅ असलेल्या अँप्यूलमधून ०.२२ मिली. पेन घेतलं तर या वजनाला ०.१५ मिग्रॅचं, ०.३ चं मोठ्यांचं. अँप्यूलमधून किती घ्यायचं तो आकडा डॉक्टरांकडून चिठ्ठीवर मिलीमध्ये लिहून घ्या, घाबरलेल्या माणसाला दशांश चिन्ह दिसत नाही. इन्सुलिनची सिरिंज चालणार नाही : तिच्यावर युनिटच्या खुणा, आणि सुई इतकी आखूड की औषध कातडीखालीच राहतं. १ मिलीची सिरिंज आणि इंचभर लांबीची सुई लागते. टोचायचं मांडीच्या बाहेरच्या अंगाला, मधोमध. पेन मुठीत धरा, अंगठा टोकावर ठेवू नका. उलटं धरलेलं पेन अंगठ्यातच घुसल्याची उदाहरणं आहेत. कपड्यावरून टोचता येतं, फक्त खिसा आणि जाड शिवण टाळा.

खरा धोका तपासणीत नाही, आपल्या उन्हात आहे. ऍड्रेनालीन २५ अंशांच्या आसपास ठेवायचं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी म्हणजे भट्टीच. पाऊच अंगावर ठेवा, चहाला थांबलात तरी गाडीत सोडू नका. लांब जायचं असेल तर रुंद तोंडाचा रिकामा थर्मास चांगला. बर्फाला टेकवू नका, फ्रीजमध्येही नको. औषध गुलाबी, तपकिरी किंवा गढूळ दिसलं तर टाकून द्या. स्वच्छ दिसतंय म्हणून चांगलंच आहे असं मात्र धरू नका, तारीख पाहा.

प्रश्न : सेट्रिझिनची गोळी किंवा अविल दिलं तर भागत नाही का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : नाही. त्याने खाज आणि गांधी कमी होतील. घसा सुजणं आणि रक्तदाब कोसळणं थांबत नाही. श्वास लागला, आवाज बसला किंवा चक्कर आली तर आधी ऍड्रेनालीन, गोळी नंतर.

प्रश्न : विमानातलं खाणं चालेल का? आणि त्रास झालाच तर?
– एक वाचक, लातूर

उत्तर : घरून पोळी किंवा दशमी न्या, पण कूट घातलेल्या भाजीचा चमचा तिला लागू देऊ नका. विमान कंपनीला तिकीट काढतानाच कळवा. तरी शेजारचा प्रवासी शेंगदाणे फोडणार नाही याची हमी कुणी देत नाही. समोरचं टेबल आणि सीटचे हात ओल्या वाईपने पुसून घ्या, नुसतं सॅनिटायझर शेंगदाण्याचा अंश काढत नाही.

त्रास सुरू झाला की आधी टोचा, मग कर्मचाऱ्यांना बोलवा. विमानात औषधांची पेटी असते, पण तिच्यावर विसंबू नका. आडवं करून पाय वर घ्या. दम लागत असेल तर बसवा. उलटी होत असेल तर कुशीवर. उलटीसाठी टॉयलेटकडे चालत नेऊ नका. उभं राहताच रक्तदाब कोसळून माणूस तिथंच पडू शकतो. टोचल्याची वेळ पेनाच्या खोक्यावर लिहा. उतरल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात जाच, काही तासांनी त्रास परत उलटू शकतो.