फोटोत अकरा, नावं दहा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा आमच्या सोप्यात बसून तू रडायचीच बाकी होतीस. आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा इतिहास लिहायला घेतलास आणि तीन म्हाताऱ्यांनी तीन सालं सांगितली. "आबा, ह्यातलं खोटं कोण बोलतंय?" असं तू विचारलंस. मी चहा पाजून तुला वाटेला लावलं. खरं म्हणजे उत्तर द्यायला तोंडच नव्हतं मला. का ते खाली येईलच.

तिघंही खरं बोलत असतील. तालीम म्हणजे आधी लाल मातीचा हौद. 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं तेव्हा पेठांमधून कुस्तीच होती. फुटबॉल त्या तालमींत मागनं शिरला आणि पुढं घरमालकच होऊन बसला. म्हणजे तालमीचं साल एक. संघानं पहिली मॅच खेळली ते दुसरं. केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, 1940 ची, तिच्याकडं संघाचं नाव लागलं ते तिसरं. आणि 1950 चा सार्वजनिक न्यासांचा कायदा आल्यावर धर्मादाय कार्यालयात नोंदणी झाली, त्या दाखल्यावरची तारीख चौथी. म्हातारा यातलं कुठलंतरी एक धरून बसतो आणि त्यासाठी भांडतो. तू भांडू नको, समजूतही काढू नको. फक्त विचार, कागद कुठाय?

कोल्हापुरात फुटबॉल शाहू महाराजांच्या धाकट्या मुलानं, प्रिन्स शिवाजींनी आणला असं जो तो सांगतो. असेलही. पण ते 1918 ला शिकारीत गेले आणि शाहू महाराज 1922 ला. आता एकानं तुला सांगितलंय की 1925 साली शाहू महाराजांनी स्वतः आपल्या संघाला ढाल दिली, आणि तू ते वहीत उतरूनही घेतलंस! पोरी, तेव्हा गादीवर राजाराम महाराज होते. एवढं तरी बघायचं. ढाल मिळाली म्हणतात तर ती कुठाय? तिच्यावर काय कोरलंय? (तालमीतल्या दोन ढाली कुणा शहाण्यानं इतक्या घासून लखलखीत केल्यात की अक्षरंच गेली. त्या सोडून दे.) मॅचांचंही तसंच. म्हाताऱ्यांच्या आठवणीत प्रत्येक मॅच शाहू स्टेडियमवरच होते. ते स्टेडियम व्हायच्या आधी तिथं रावणेश्वराचं तळं होतं, हे त्यांनाही ठाऊक असतं, पण बोलायच्या भरात तळ्यावरसुद्धा गोल मारतात.

मग कागद कुठं मिळणार? तालमीच्या कपाटात नाही. करवीर नगर वाचन मंदिरात जा आणि जुनी वर्तमानपत्रं कुठं बघायला मिळतील ते विचार. संस्थानाच्या वेळचं काही हवं असेल तर पुराभिलेखागार आहे, पण तिथं मोडी वाचणारा माणूस सोबत ने. सगळ्यात आधी मात्र गणपतीच्या वर्गणीच्या वह्या शोध. फुटबॉलचे पैसे आणि गणपतीचे पैसे एकाच डब्यातून जायचे. "ब्लॅडर एक", "बॉल शिवणे", "वादी", "चुना" असं लिहिलेलं दिसलं की समज, त्या साली संघ खेळत होता. चामड्याचा बॉल, आत ब्लॅडर, तोंडाला वादी. पावसात भिजला की डोक्यावर घ्यायला छाती लागायची. ज्या सालची वही बॉल शिवल्याचे पैसे दाखवते, ते साल मला कुठल्याही भाषणापेक्षा खरं.

तालमीत मारुती आहे, मुलींनी आत यायचं नाही, असं कुणी म्हणालं तर माझं नाव सांग. आणि दारात उभी राहून विचारू नको, सरळ आत जाऊन बस.

आता तोंड का नव्हतं ते.

तालमीची नवी इमारत काढली तेव्हा जुनी दप्तरं सायकलला बांधून रद्दीवाल्याकडं कुणी नेली? मी. वाळवी लागली होती, जागा नव्हती, सेक्रेटरी मी होतो. दोन पोती भरली. त्या पैशांत मोजे आले. मोजे एक हंगाम टिकले.

आणि पुढं तीसेक वर्षांपूर्वी स्मरणिका निघाली, तिचा संपादकही मीच. तीच स्मरणिका पुरावा म्हणून घेऊन तू फिरतेस, हे परवा बघितलं आणि पोटात गोळा आला. तिच्यातलं स्थापनेचं साल मी मागं ढकललंय. पलीकडच्या पेठेपेक्षा आपण जुने दिसावं म्हणून, दुसरं कारण नाही. एका हंगामात हाणामारीवरून आपल्या संघावर बंदी आली होती. त्या वर्षी "संघ विश्रांतीवर होता" असं छापलंय. विश्रांती!

आठव्या पानावर फायनल जिंकल्याचा फोटो आहे. मोजून बघ. फोटोत अकरा, खाली नावं दहा. डावीकडून तिसरा उभा आहे तो आपला लेफ्ट आउट. फायनलचा गोल त्याचा. पुढच्या हंगामात तो दुसऱ्या पेठेकडून खेळला, म्हणून मी त्याचं नाव गाळलं.

तुला हे पोरकट वाटेल. पण ईर्षा काय चीज होती ते तुला आज कळायचं नाही. मॅच हरली की त्या रात्री पेठेत चूल पेटत नसे, ठरलेल्या सोयरिकी मोडत. आज संघ आफ्रिकेतनं खेळाडू आणतात, मानधन देतात, हंगाम संपला की तो विमानानं जातो आणि त्याला कुणी गद्दार म्हणत नाही. आमच्या वेळी खेळाडूला चहा-मिसळ मिळायची, आणि संघ बदलला तर त्याचं गल्लीतनं जाणं बंद. मी एकट्यानं नाव गाळलं नाही, कमिटीनं ठरवलं होतं. हां, लिहिणारा हात माझा होता. आणि कमिटीनं ठरवलेलं मी इतर वेळी कधी ऐकलंय?

तो माणूस स्मरणिका घेऊन माझ्याकडं आला होता. आठवं पान उघडून टेबलावर ठेवलं, पाणी प्याला आणि गेला. पुढं वर्षानुवर्षं स्टेडियमच्या गॅलरीत दोन पायऱ्या सोडून बसायचा. मी कधी विषय काढला नाही. आता तो नाही.

म्हणून सांगतो, पुन्हा पुन्हा सांगतो, कंटाळलीस तरी सांगतो: कागद बघ. माझ्या स्मरणिकेला कागद म्हणू नको, ती छापलेली थाप आहे. आणि बंदीचं साल लिहायचंच. कमिटी म्हणेल, "पोरी, हे कशाला? 2017 ला कोल्हापूरचा अनिकेत जाधव सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, ते लिही की." तेही लिही. पण तो आपल्या तालमीचा म्हणून लिहायला लावतील, तेव्हा काय विचारायचं ते तुला आता पाठ झालंय.

सोबत मूळ फोटो पाठवतोय. स्मरणिकेसाठी स्टुडिओतनं आणला तो परत दिलाच नाही. मागं शिसपेन्सिलीनं अकराही नावं आहेत. अक्षर आमच्या त्या वेळच्या गोलकीचं, माझं नाही. तिसरं नाव पुसट झालंय, उन्हात तिरका धरलास की दिसतं.

स्कॅन करून फोटो परत आणून दे. मॅच असेल त्या दिवशी येऊ नको, मी घरी नसतो.

तुझा,
आबा