तक्रारीनंतर ढाब्याची तपासणी कशी होते?

प्रश्न : गेल्या आठवड्यात महामार्गावरील एका ढाब्यावर आम्ही शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाल्ली. त्याच रात्री घरातील तिघांना उलट्या झाल्या. बांधून आणलेली भाजी फ्रीजमध्ये आहे. तिची सरकारी तपासणी होईल का? अधिकारी येईपर्यंत स्वयंपाकघर धुऊनपुसून ठेवतात, मग तक्रारीचा उपयोग काय?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 40 नुसार ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो; मात्र तसा आपला विचार खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. आपण तसे सांगितले नसल्यास डब्यातील भाजीचा या कलमाखाली उपयोग नाही. बिल मात्र जपावे. त्यावर 14 अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक नसेल, तर तेही तक्रारीत नमूद करावे.

ढाबा ज्या जिल्ह्यात आहे, तेथील अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे लेखी तक्रार द्यावी. कोणी काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि त्रास केव्हा सुरू झाला हे त्यात लिहून डॉक्टरांचे कागद जोडावेत. वेळेला फार महत्त्व आहे, कारण स्टॅफिलोकोकस जिवाणूच्या विषाने काही तासांतच उलट्या होतात, तर साल्मोनेलाचा त्रास कधी दोन-तीन दिवसांनीही दिसतो. उकळता रस्सा निर्धोक असतो असे आपल्याकडे मानतात. परंतु सकाळी वाटलेले कांदा-खोबऱ्याचे वाटण जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत उघडे राहिले आणि त्यात हे विष तयार झाले, तर नंतरच्या उकळीनेही ते नष्ट होत नाही. चिरलेला कांदा, ताक आणि पिण्याचे पाणी यांना तर आचच लागत नाही.

आपली दुसरी शंका रास्त आहे, तरीही तिच्यामुळे तक्रार टाळू नये. ओटा आणि फरशी तासाभरात धुता येते. कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी, पाण्याच्या चाचणीचा अहवाल आणि कच्च्या मालाची बिले तासाभरात उभी करता येत नाहीत. तळणीचे तेलही बोलते: त्यातील एकूण ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) 25 टक्क्यांपेक्षा अधिक झाली, तर ते वापरण्यास मनाई आहे, आणि शेव तळणाऱ्या ठिकाणी ही तपासणी आग्रहाने मागावी असे मला वाटते. अधिकाऱ्याने घेतलेल्या नमुन्याचे चार भाग होतात व विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो.

दोष आढळला की लगेच टाळे लागेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. आरोग्याला तातडीचा धोका असेल तरच व्यवसाय तत्काळ थांबवता येतो. एरवी कलम 32 खाली सुधारणा नोटीस निघते, तिच्यात किमान 14 दिवसांची मुदत असते आणि ती न पाळल्यास परवाना निलंबित होऊ शकतो. अस्वच्छ जागेत अन्न बनवल्याबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद वेगळी आहे. खरी सुधारणा या नोटिशीमुळेच होते, पण मुदतीनंतर फेरतपासणी झाली तरच. म्हणून तक्रारीची पोच घ्यावी, आणि महिन्याभरात काहीच न कळल्यास तपासणी अहवालाची व फेरतपासणीच्या नोंदीची प्रत माहिती अधिकाराखाली मागावी.