एनके पेशी शिकतेस? आधी पास बघायला शीक

अगं, एनके म्हणजे नॅचरल किलर, आजारी पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांना टी पेशींच्या, म्हणजे ठरावीक शत्रू ओळखणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींच्या, साच्यात बसवू नकोस. पहिल्या वर्षी मीही तिथेच अडकले होते. आपल्याकडे कुंभमेळ्यात बंदोबस्तावर पास बघतात ना, तशी एनके पेशी समोरच्या पेशीवरचा एमएचसी वर्ग-१ रेणू, म्हणजे 'मी आपलीच' सांगणारी खूण, चाचपते. तो दिसला की हात आवरते. टी पेशी शत्रूला याच रेणूवरून ओळखतात, म्हणून त्यांना चुकवायला काही विषाणू आणि कर्कपेशी नेमका तोच रेणू लपवतात, आणि एनके पेशींच्या हाती सापडतात! किती सुंदर आहे हे. १९८६ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटाने उंदरांवर हे दाखवलं; तो प्रयोग नक्की वाच. मात्र नुसता पास नसणं पुरत नाही, मारण्याचा इशाराही लागतो. तो मिळाला की एनके पेशीतलं परफोरिन हे प्रथिन समोरच्या पेशीला भोकं पाडतं, ग्रॅन्झाइम हे विकर आत शिरतं आणि पेशी स्वतःच मरते.