वाचकांचे प्रश्न : नजाकतीपलीकडची स्मृती मानधना

प्रश्न : स्मृती मानधना हिच्या फलंदाजीतील नजाकतीचे सगळेच कौतुक करतात, परंतु २०१७च्या विश्वचषकात पहिले दोन डाव वगळता ती अपयशी ठरली होती. मोठ्या स्पर्धेत तिच्यावर भिस्त ठेवता येते, असे आपणांस वाटते का? – एक वाचक, मिरज

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. डर्बीला इंग्लंडविरुद्ध ९० आणि टाँटनला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा काढल्यानंतर पुढच्या सात डावांत मिळून तिला अवघ्या ३६ धावा करता आल्या आणि लॉर्ड्सवरील अंतिम सामन्यात आन्या श्रबसोलने भोपळाही फोडू न देता तिचा त्रिफळा उडवला. मात्र त्याच वर्षीच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील बिग बॅश ही टी-ट्वेंटी लीग खेळताना तिच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली होती आणि जूनमध्ये ती थेट विश्वचषकात उतरली होती, हेही विसरता येत नाही. आमच्या मते त्या सात डावांपेक्षा त्यानंतर काय घडले, याला अधिक महत्त्व आहे. २०१८ची सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू म्हणून आयसीसीने तिचीच निवड केली.

नजाकतीविषयी बोलायचे, तर डावखुऱ्या फलंदाजाचा कव्हर ड्राइव्ह मुळातच डोळ्यांना सुखावतो, त्यामुळे तिचे कौतुक थोडे स्वस्तात होते, ही आपली सूचित शंका आम्हांला मान्य आहे. तिची खरी परीक्षा पाहायची असेल, तर २०२१चा ऑस्ट्रेलियातील कॅराराचा कसोटी सामना पाहावा. भारतीय महिलांची ती पहिलीच दिवस-रात्र कसोटी होती. पहिल्या दिवसअखेर ८० धावांवर नाबाद असलेल्या स्मृतीचा दुसऱ्या दिवशी सुरुवातीलाच एलिस पेरीच्या गोलंदाजीवर झेल उडाला. परंतु तो नोबॉल निघाला आणि मिळालेल्या जीवदानाचे तिने १२७ धावांत रूपांतर केले. ऑस्ट्रेलियात कसोटी शतक करणारी ती पहिली भारतीय महिला. नशिबाने साथ दिली हे खरेच, परंतु दिवस-रात्र कसोटीतल्या गुलाबी चेंडूचा सामना करत २१६ चेंडू खेळून काढणे हे नशिबाचे काम नव्हे.

पुढे तिची धावगतीही वाढत गेली. जून २०२५मध्ये ट्रेंट ब्रिजला तिने ६२ चेंडूंत ११२ धावा फटकावल्या आणि कसोटी, एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी अशा तिन्ही प्रकारांत शतक करणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. सप्टेंबरमध्ये दिल्लीत ४१३ धावांचा पाठलाग करताना तिने ५० चेंडूंत शतक झळकावले. विराट कोहलीचा एकदिवसीय सामन्यांतील ५२ चेंडूंत शतकाचा भारतीय विक्रम त्यामुळे मागे पडला, सामना मात्र भारताने ४३ धावांनी गमावला.

राहता राहिला विश्वचषक. २०२५च्या स्पर्धेत पहिल्या तीन डावांत ८, २३ आणि २३ अशीच तिची सुरुवात होती आणि अनेकांना २०१७ आठवले असणार. त्यानंतर ८०, ८८ आणि १०९! इंदूरला इंग्लंडविरुद्ध ८८वर असताना उंच फटका मारून ती बाद झाली आणि भारत चार धावांनी हरला, हा दोष तिच्या पदरी टाकावाच लागेल. तरीही ४३४ धावांसह तिने स्पर्धा संपवली आणि नवी मुंबईतील अंतिम सामन्यात शफाली वर्माबरोबर १०४ धावांची सलामी दिली. तेव्हा आपल्या प्रश्नाचे आमचे उत्तर ‘होय’ असे आहे.

प्रश्न : स्मृती सांगलीची की मुंबईची? – एक वाचक, पुणे

उत्तर : जन्म १८ जुलै १९९६ रोजी मुंबईचा, परंतु ती दोन वर्षांची असताना कुटुंब सांगलीजवळच्या माधवनगरला आले आणि तिचे क्रिकेट तिथेच घडले. वडील आणि भाऊ श्रवण दोघेही जिल्हा पातळीवर खेळलेले. ऑक्टोबर २०१३मध्ये बडोद्यात महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून गुजरातविरुद्ध तिने १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा काढल्या, त्या श्रवणने राहुल द्रविडकडून मिळवलेल्या बॅटने.