रात्रपाळी, अपुरी झोप आणि वाढलेलं बीपी

प्रश्न : वय ४२. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कायम रात्रपाळी. सकाळी आठला घरी येतो, झोप जेमतेम चार-पाच तास. वर्षभरात वजन सहा किलो वाढलं, बीपी १४६/९४ निघालं. झोपेचा संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो. झोपेत बीपी साधारण १० ते २० टक्के उतरतं. झोपच तुटली की ही उसंत मिळत नाही. शिवाय भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन चढतं, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन घटतं. पाळी सुटल्यावर मिसळीच्या गाडीपुढे पाय थांबतात ते उगाच नव्हे! इन्शुलिनचाही परिणाम मंदावतो, तेव्हा उपाशीपोटीची साखर तपासाच.

प्रौढांना किमान सात तास हवेत. सलग जमत नसेल तर सकाळी पाच आणि पाळीआधी दोन. शेवटचा चहा रात्री दोनच्या आत. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. खिडकीला जाड काळा पडदा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. डोळे मिटत असतील तर हायवेवर गाडी घालू नका, आधी वीस मिनिटं डुलकी काढा.

घोरताना श्वास अडकतो का, घरच्यांना विचारा; तसं असेल तर झोपेची तपासणी लागेल. झोपेच्या गोळ्या मनाने नकोत. बीपी आठवडाभर रोज मोजून आकडे डॉक्टरांना दाखवा.