ड्रायव्हर उतरवताना: नवख्यांसाठी

नांदेडच्या एका वाचकाने विचारले आहे, की स्वतः लिहिलेला लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारे आणि कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जोडता-काढता येणारे मॉड्यूल, सुखरूप कसे उतरवावे. घरच्या एकुलत्या लॅपटॉपवर तो चढवून-उतरवून पाहण्याचे तुमचे धाडस कौतुकास्पद आहे, तरी आधी व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारा आभासी संगणक) उभे करा. मॉड्यूल उतरवणारी 'आरएममॉड' (rmmod) ही आज्ञा चालवण्यापूर्वी, चढवलेल्या मॉड्यूलांची यादी देणाऱ्या 'एलएसमॉड'च्या (lsmod) तिसऱ्या रकान्यातील आकडा पाहावा. तो शून्य नसेल, तर ड्रायव्हर कोणीतरी वापरत आहे, आणि तेव्हा तो सक्तीने काढणे म्हणजे भरल्या मोटेचा नाडा कापणे होय.

शून्य दिसला तरी निर्धास्त राहू नका. मॉड्यूल उतरताना चालणाऱ्या एक्झिट फंक्शनमध्ये आधी ड्रायव्हरची कर्नलकडील नोंदणी रद्द करा, इंटरप्ट (उपकरणाकडून येणारी हाक) सोडा, टायमर व वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग) पूर्ण थांबल्याची खात्री करा आणि मगच मेमरी मोकळी करा. लातूरला असताना मी एक टायमर तसाच चालू ठेवला होता. मॉड्यूल निमूटपणे उतरले, आणि दोन सेकंदांनी नसलेल्या कोडवर उडी मारून कर्नल कोसळला.